आगाखान पॅलेस : एका घराचा हिशेब

घर विकत घ्यायचे ठरले की आपण तीन प्रश्न विचारतो. घर कसे बांधले आहे? किंमत काय? आणि आजवर ते कोणाकोणाच्या नावावर होते? पहिल्यासाठी आपण भिंतीवर ओल शोधतो, दुसऱ्यासाठी शेजारच्या इमारतीतला भाव काढतो आणि तिसऱ्यासाठी वकिलाची पायरी चढतो.

हेच तीन प्रश्न आज पुण्याच्या येरवड्यातल्या एका घराला विचारू. हे घर विक्रीला नाही. नगर रस्त्याने जाणाऱ्या प्रत्येकाने त्याचे फाटक पाहिलेले असते. आगाखान पॅलेस म्हटले की आपल्याला गांधीजी आणि कस्तुरबा आठवतात आणि ते योग्यच आहे. पण ही वास्तू आधी एका मुसलमान कुटुंबाचे घर होती. ती कशासाठी बांधली गेली आणि त्या कुटुंबाच्या हातून देशाकडे कशी गेली, हे आपल्या घरांतल्या मुलांना सहसा कोणी सांगत नाही.

बांधणी

हा वाडा बांधला सर सुलतान मुहंमद शाह, म्हणजेच तिसरे आगाखान यांनी. ते निजारी इस्माइली पंथाचे इमाम. त्यांचा जन्म २ नोव्हेंबर १८७७ रोजी कराचीत झाला. वडील दुसरे आगाखान १८८५ मध्ये पुण्यात वारले, तेव्हा हा मुलगा आठ वर्षांचाही नव्हता. त्याच वयात इमामपदाची जबाबदारी त्याच्यावर आली. या घराण्याचा मुक्काम मुंबईत असला तरी पुण्याशी संबंध जुना होता. सुलतान मुहंमद शाह यांचा पहिला निकाहही १८९६ मध्ये पुण्यातच झाला.

येरवड्याचा वाडा एकोणिसाव्या शतकाच्या अखेरच्या दशकातला. त्या काळी येरवडा म्हणजे मुळा-मुठेच्या पलीकडचा, शहराबाहेरचा मोकळा माळ. आवार सुमारे १९ एकरांचे. इमारत तीन मजली असली तरी वर जाताना लहान होत जाते. तळमजला सुमारे १,७५६ चौरस मीटर, पहिला मजला १,०८० आणि दुसरा अवघा ४४५. आजच्या भाषेत सांगायचे तर तिन्ही मजले मिळून सुमारे ३५ हजार चौरस फूट. आत पाच मोठी दालने, समोर विस्तीर्ण हिरवळ आणि दर्शनी बाजूला इटालियन धाटणीच्या कमानींची रांग.

पण या घराची खरी खूण म्हणजे त्याला चारही बाजूंनी वेढणारा, सुमारे अडीच मीटर रुंदीचा व्हरांडा. कमानी शोभेच्या वाटतात, पण त्यांच्यामागे हवामानाचा विचार आहे. एप्रिल-मेचे ऊन थेट खोलीच्या भिंतीवर पडत नाही, ते व्हरांड्यातच अडते. जुलैत पावसाची झड आली तरी खिडक्या उघड्या ठेवता येतात. वारा सावलीतून थंड होऊन आत येतो. आज येरवडा-कल्याणीनगरात काचेच्या उंच इमारतींत दिवसभर एसी चालतात. त्यांच्याशेजारी शंभराहून अधिक वर्षांपूर्वीचा हा व्हरांडा विजेशिवाय तेच काम करत उभा आहे. आपल्या कोकणातल्या घरांची पडवी आणि ओटी यांमागेही हाच हिशेब असतो, फक्त मोजमाप लहान.

किंमत

या वाड्याला १२ लाख रुपये खर्च आला आणि पाच वर्षे सुमारे हजार माणसांना त्यातून काम मिळाले, असे सांगितले जाते. हे काम काढण्यामागचा हेतू होता दुष्काळात होरपळलेल्या आसपासच्या गावकऱ्यांच्या हाताला काम देण्याचा.

तो काळ डोळ्यांसमोर आणल्याशिवाय या आकड्याचा अर्थ कळत नाही. दख्खनचा १८७६ ते १८७८ चा भीषण दुष्काळ लोकांच्या आठवणीत ताजा होता. त्या दुष्काळात सरकारी कामांवर खडी फोडणाऱ्या माणसाची मजुरी किती असावी, यावर मोठा वाद झाला होता. सर रिचर्ड टेंपल यांनी ती दिवसाला एक रत्तल धान्य आणि वर थोडे पैसे इतकी खाली आणली. एवढ्यावर कष्टकरी माणूस जगणार कसा, म्हणून पुण्याच्या सार्वजनिक सभेने आवाज उठवला. पुढे १८९६-९७ मध्ये पुन्हा दुष्काळ पडला, त्याच सुमारास प्लेग आला आणि १८९९-१९०० मध्ये आणखी एक दुष्काळ. पुणे जिल्ह्यातल्या शेतमजुरासाठी ते दशक एकामागून एक संकटांचे होते.

आता बारा लाखांचा भागाकार करून पाहा. हजार माणसे, पाच वर्षे, म्हणजे साठ महिने. सगळी रक्कम मजुरीतच गेली असे धरले, तर माणशी महिन्याला २० रुपये येतात. अर्थात तसे झालेले नाही. दगड, लाकूड, चुना, कुशल कारागीर यांवरही मोठा खर्च झालाच असणार. तरी एक गोष्ट स्पष्ट होते. या घराच्या किमतीतला मोठा वाटा भिंतीत अडकून राहिला नाही, तो आसपासच्या गावांतल्या चुलींपर्यंत गेला.

आपल्या इतिहासात अशा घराचे आणखी एक उदाहरण आहे. लखनौचा बडा इमामबाडा नवाब आसफुद्दौला यांनी १७८४ च्या दुष्काळात बांधायला काढला. दिवसा बांधायचे आणि रात्री काही भाग पाडायचा, म्हणजे काम संपणार नाही, आणि ज्यांना दिवसा मजुरी करायची लाज वाटे अशा खानदानी लोकांना रात्रीच्या अंधारात काम मिळे, अशी त्याची आख्यायिका आहे. विसाव्या शतकात जोधपूरचे महाराज उमेदसिंग यांनीही दुष्काळी काम म्हणूनच उमेद भवन बांधायला घेतले.

यावर एक आक्षेप नेहमी घेतला जातो. लोक उपाशी असताना राजवाडा कशाला? तेच पैसे वाटून टाकायचे. प्रश्न रास्त आहे. भुकेल्याला अन्न देणे हे पहिले कर्तव्य, आणि जकात व सदका त्यासाठीच आहेत. पण काम करू शकणाऱ्या माणसाला हात पसरायला न लावता काम देणे आणि त्याची मजुरी वेळेवर चुकती करणे, हीसुद्धा प्रेषितांची (स.) शिकवण आहे. भीक मागायला आलेल्या माणसाला त्यांनी कुऱ्हाड घेऊन लाकूडतोडीच्या कामाला लावल्याची हदीस आपल्यापैकी अनेकांनी लहानपणी ऐकली असेल. त्यामुळे वाड्याच्या शानशौकतीवर टीका करता येईल, पण त्या पाच वर्षांच्या मजुरीला फुकट गेलेला पैसा म्हणता येणार नाही.

तिसऱ्या आगाखानांनी त्याच काळात आणखी एक घर लोकांच्या कामी लावले होते. १८९७ मध्ये मुंबईत डॉ. वाल्डेमार हाफकिन यांनी प्लेगची लस तयार केली. लोक तिला घाबरत होते. विशीतल्या आगाखानांनी सर्वांसमोर स्वतः लस टोचून घेतली, आपल्या अनुयायांनाही टोचून घ्यायला लावली आणि लस बनवण्यासाठी मुंबईतले आपले खुश्रू लॉज हे घर हाफकिन यांना वापरायला दिले. पुढे १८९९ मध्ये ही प्रयोगशाळा परळला गेली. तीच आजची हाफकिन संस्था.

राहून गेलेली माणसे

येरवड्याचे नाव देशभर झाले ते मध्यवर्ती कारागृहामुळे. गांधीजी १९२२ पासून अनेकदा तिथे कैदेत होते आणि २४ सप्टेंबर १९३२ चा पुणे करारही त्याच तुरुंगात झाला. पण ९ ऑगस्ट १९४२ रोजी 'छोडो भारत' आंदोलनात त्यांना अटक झाली, तेव्हा सरकारने त्यांना तुरुंगात नेले नाही. आगाखानांचा वाडाच काटेरी तारा आणि पहारे लावून कैदखाना केला. कस्तुरबा, महादेवभाई देसाई, सरोजिनी नायडू, मीराबेन, प्यारेलाल आणि डॉ. सुशीला नय्यर हेही तिथे होते.

महादेवभाई २५ वर्षे गांधीजींचे सचिव होते. वाड्यात आल्यावर सहाव्या दिवशी, १५ ऑगस्ट १९४२ रोजी, हृदयविकाराने त्यांचे निधन झाले. वय अवघे ५०. त्यांचे अंत्यसंस्कार वाड्याच्या आवारातच झाले. १० फेब्रुवारी १९४३ पासून गांधीजींनी याच घरात २१ दिवसांचे उपोषण केले. २२ फेब्रुवारी १९४४ रोजी कस्तुरबा गेल्या. साठ वर्षांहून अधिक काळाचा संसार या घरात संपला. त्यानंतर गांधीजींना मलेरियाने गाठले आणि ६ मे १९४४ रोजी त्यांची सुटका झाली.

या कैदेतली एक गोष्ट आपल्या विषयाच्या दृष्टीने महत्त्वाची आहे. एवढ्या मोठ्या जागेत, एवढ्या पहाऱ्यात आपल्याला ठेवणे म्हणजे जनतेच्या पैशाची उधळपट्टी आहे आणि आपण कोणत्याही साध्या तुरुंगात राहायला तयार आहोत, असे गांधीजींनी सरकारला लिहून कळवले होते. ज्या घराच्या बांधकामातून दुष्काळात लोकांच्या हातात पैसा गेला, त्याच घरावर आता लोकांचा पैसा विनाकारण खर्च होत होता. घर तेच होते, उपयोग बदलला आणि किमतीचा अर्थही बदलला.

मालकी कशी बदलली

आता तिसरा प्रश्न. तिसरे आगाखान हे १९०६ च्या सिमला शिष्टमंडळाचे नेते आणि मुस्लिम लीगचे पहिले अध्यक्ष. राजकारणात त्यांचा आणि गांधीजींचा मार्ग वेगळा. ११ जुलै १९५७ रोजी ते स्वित्झर्लंडमध्ये वारले आणि त्यांचे नातू शाह करीम हे चौथे आगाखान झाले.

१९६९ हे गांधीजींच्या जन्मशताब्दीचे वर्ष. त्या वर्षी चौथ्या आगाखानांनी गांधीजी आणि त्यांच्या विचारांविषयीचा आदर म्हणून हा वाडा भारतीय जनतेला दान केला. आजोबांनी बांधलेले घर नातवाने अशा माणसाच्या स्मृतीसाठी दिले, ज्याच्याशी आजोबांचे राजकारण जुळत नव्हते. सौदा नाही, मोबदला नाही. शहर येरवड्याच्या दिशेने वाढत असताना १९ एकरांचा भाव काय येईल, हे कळायला मोठा व्यापारी असण्याची गरज नव्हती. चौथे आगाखान ४ फेब्रुवारी २०२५ रोजी लिस्बनमध्ये वारले, तेव्हा जगभर त्यांच्या शाळा-रुग्णालयांची आठवण निघाली. पुण्याने या दानाचीही आठवण ठेवायला हवी.

आज तिथे गांधी राष्ट्रीय स्मारक आहे. महादेवभाई आणि कस्तुरबा यांच्या समाधी तिथे आहेत. समाधिस्थळाची रचना ख्यातनाम वास्तुरचनाकार चार्ल्स कोरिया यांनी १९६० च्या दशकात केली. २००३ मध्ये भारतीय पुरातत्त्व सर्वेक्षणाने या वास्तूला राष्ट्रीय महत्त्वाचे स्मारक घोषित केले.

या घोषणेचा परिणाम शेजारच्या घरांवरही होतो, हे येरवड्यात घर शोधणाऱ्यांनी जरूर लक्षात ठेवावे. प्राचीन स्मारकांच्या १९५८ च्या कायद्यात २०१० मध्ये दुरुस्ती झाली. त्यानुसार संरक्षित स्मारकाच्या हद्दीपासून १०० मीटरपर्यंत नवे बांधकाम करता येत नाही आणि त्यापुढच्या २०० मीटरमध्ये बांधकामासाठी परवानगी लागते. दुरुस्तीसाठीही परवानगी घ्यावी लागते. 'पुढे मजला चढवता येईल' असे सांगून कोणी या पट्ट्यातले जुने घर विकत असेल, तर आधी ही हद्द तपासावी.

दोनशे सत्तर चौरस फुटांची घरे

याच येरवड्यात दुसऱ्या टोकाची घरेही आहेत. केंद्राच्या जेएनएनयूआरएम योजनेखाली इथल्या काही वस्त्यांमध्ये कच्ची घरे जागच्या जागी पक्की करण्याचे काम झाले. महिला मिलन आणि स्पार्क या संस्था आणि वास्तुरचनाकार प्रसन्न देसाई यांचा त्यात पुढाकार होता. लोकांना लांबच्या इमारतीत न हलवता, गल्ली आणि शेजार तसाच ठेवून, सुमारे २७० चौरस फुटांचे घर उभे करायचे आणि खर्चाचा लहान वाटा कुटुंबाने उचलायचा, अशी ती पद्धत. वाड्याच्या एका व्हरांड्यात अशी कितीतरी घरे मावतील. पण या घराचे कागद नीट असणे त्या कुटुंबासाठी जास्त मोलाचे आहे, कारण त्यांच्याकडे दुसरे घर नाही.

आपल्या घराचा हिशेब

मोठ्या वाड्याची मालकी एका निर्णयाने, वाद न होता बदलली. आपल्याकडे मात्र दोन खोल्यांसाठी भावाबहिणींचे बोलणे बंद होते. त्याचे कारण बहुधा एकच असते. घर कोणाचे, हे वडील हयात असताना कोणी लिहून ठेवलेले नसते.

जुने घर घेत असाल तर मिळकत पत्रिका आणि 'इंडेक्स टू' पाहा. इंडेक्स टूमध्ये घर कोणी कोणाला, कधी, किती रकमेला विकले याची नोंद मिळते. वकील साधारण ३० वर्षांचा शोध घेतात. त्यात एखाद्या मालकाच्या मृत्यूनंतर फक्त मुलांची नावे लागली असतील, तर त्याच्या मुली आणि पत्नी यांचे काय झाले, हे नक्की विचारा. सरकारच्या वार्षिक मूल्यदर तक्त्यातला, म्हणजे रेडी रेकनरमधला दर आणि बाजारातला भाव यांत फरक असतो. मुद्रांक शुल्क दोन्हींपैकी जी रक्कम जास्त असेल तिच्यावर लागते.

आता वारशाचे पाहू. कुरआनच्या सूरह निसामध्ये वाटे ठरवून दिले आहेत. समजा, आई-वडील हयात नसलेला एक माणूस पत्नी, एक मुलगा आणि दोन मुली मागे ठेवून गेला. कफन-दफनाचा खर्च आणि कर्ज फेडून घराची किंमत ३२ लाख उरली. पत्नीचा मेहर द्यायचा राहिला असेल तर तेही कर्जच. सुन्नी कायद्यानुसार पत्नीचा आठवा हिस्सा म्हणजे ४ लाख. राहिलेल्या २८ लाखांतून मुलाला १४ आणि प्रत्येक मुलीला ७ लाख. हा हिशेब चौथीतल्या मुलालाही जमेल. तरीही अनेक घरांत बहिणीला शून्य मिळते. 'लग्नात खर्च केला की', 'माहेर तुटेल' असे म्हणत तिच्यापुढे हक्कसोडपत्र ठेवले जाते. तिने खुशीने, सगळे समजून हक्क सोडला तर तो तिचा अधिकार. पण दबावाखाली घेतलेली सही कागदावर चालली तरी अल्लाहपुढे चालेल का, याचा विचार भावांनी करावा.

सोसायटीत नॉमिनी म्हणून मुलाचे नाव आहे, म्हणून घर त्याचे, हाही मोठा गैरसमज आहे. नॉमिनी म्हणजे वारस नव्हे. त्याच्याकडे मिळकत तात्पुरती सोपवलेली असते. हिस्सा सर्व वारसांचाच राहतो.

हयातीतच घर द्यायचे असेल तर हिबा हा मार्ग आहे. त्याला तीन गोष्टी लागतात : देणाऱ्याने दिल्याचे जाहीर करणे, घेणाऱ्याने स्वीकारणे आणि ताबा देणे. मुस्लिम कायद्यात तोंडी हिबाही वैध ठरतो आणि सर्वोच्च न्यायालयानेही २०११ मध्ये ते मान्य केले आहे. तरी उद्याचा वाद टाळायचा तर नोंदणी करावी. महाराष्ट्रात राहते घर पती, पत्नी, मुलगा, मुलगी किंवा नातवंडांना बक्षीस दिल्यास मूळ मुद्रांक शुल्क अवघे २०० रुपये आहे. स्थानिक अधिभार वेगळा लागू शकतो. मात्र हिबा म्हणजे मुलींना वगळण्याची पळवाट नव्हे. मुलांना भेट देताना समानता ठेवा, असे प्रेषितांनी (स.) स्पष्ट बजावले आहे. वसीयतीलाही मर्यादा आहे. ती एक तृतीयांशापर्यंतच, आणि इतर वारसांच्या संमतीशिवाय ती एखाद्या वारसाच्या नावे करता येत नाही.

पुण्यात राहत असाल तर एखाद्या रविवारी मुलांना घेऊन आगाखान पॅलेसला जा. मेट्रोने कल्याणीनगर किंवा रामवाडी स्थानकावर उतरता येते. व्हरांड्यातून चालताना मुलांना दुष्काळातल्या मजुरांविषयी सांगा, समाधीपाशी कस्तुरबांविषयी सांगा आणि हे घर मोबदला न घेता देशाला मिळाले, हेही सांगा. मग घरी आल्यावर कपाटातली फाइल काढा. मिळकत पत्रिका, खरेदीखत, कर्जाचे कागद आणि मेहरची नोंद एकत्र लावा. पत्नी, मुले आणि मुली अशा सगळ्यांना बसवून कोणाचा हिस्सा किती, हे एका कागदावर लिहा. तासाभराचे काम आहे.